मिलो इलो

माणुसकीला सीमा नसतात. ती डोंगर ओलांडते, समुद्र ओलांडते, आणि जगाच्या एका टोकाला भुकेल्याचा हुंदका उठला की दुसऱ्या टोकाचं सरकार जागं होतं. त्या काळातल्या कुठल्याही भाषणाची सुरुवात अशी होई, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या गावापर्यंत यायला मात्र समुद्र ओलांडून भागत नसे. पुढे खाडी होती, आणि ओहोटी असली की माणुसकीला पलीकडच्या काठावर भरतीची वाट बघत बसावं लागे.

साठीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी नुकतीच ट्रेनिंग संपवून मालवणच्या दक्षिणेकडच्या एका खाडीकाठच्या गावात प्राथमिक शिक्षिका म्हणून लागले होते. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरी. वर्तमानपत्र गावात दुसऱ्या दिवशी पोहोचायचं, आणि ते अथपासून इतिपर्यंत वाचणारी मी एकटीच होते. एकदा त्यात बातमी होती की अमेरिकेच्या सरकारने परदेशातल्या एका मोठ्या अन्नसंकटाला धावून जायचं ठरवलं आहे. त्या बिचाऱ्या परदेशाबद्दल मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या परिच्छेदात कळलं की तो परदेश म्हणजे आपण.

पावसाने त्या वर्षी देशाकडे पाठ फिरवली होती. आमच्याकडे फिरवली नव्हती. आमच्याकडे तो वेळेवर आणि गरजेपेक्षा जास्त पडला. पण आमच्या शेतातलं भात शिमग्यापर्यंत पुरायचं, आणि पुढे सगळं गाव विकतच्या तांदळावर. तो विकतचा तांदूळ नाहीसा झाला, आणि आम्हीही देशाबरोबर रीतसर संकटात सापडलो.

मदत आधी शाळेत आली, दुधाच्या पावडरीच्या रूपाने. पुठ्ठ्याची मोठाली पिंपं होती, आणि त्यांच्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांचं चित्र. पावडर गरम पाण्यात कालवून मुलांना द्यायची असा हुकूम होता. आमच्या गावात दूध तान्ह्या मुलाने, आजारी माणसाने किंवा चहाने प्यायचं असतं. धडधाकट मुलाला पेलाभर दूध दिल्यावर तो घाबरून विचारायचा, "बाई, माका काय झालां?" कालवलेलं दूध कोणी पीत नसे. कोरी पावडर मात्र मुलं आवडीने चाटत. ती टाळ्याला अशी चिकटून बसे की पुढचा बराच वेळ वर्गात कोणाला तोंड उघडता येत नसे. अमेरिकेने आम्हाला पोषण दिलं की नाही, ते मी सांगू शकत नाही. शांतता मात्र दिली.

शाळेत शिक्षक दोनच, हेडमास्तर आणि मी. हेडमास्तर देवगड तालुक्यातल्या मिठबावचे. नकाशावर मिठबाव आमच्यापासून वीतभरही लांब नव्हतं. पण मध्ये एकामागून एक खाड्या, त्यांच्यावर पूल नाहीत, आणि पावसाळ्यात होड्या बंद. त्यामुळे गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी सोडली तर त्यांना घर दिसत नसे. तिकडे त्यांची बायको, म्हातारी आई, भाऊ आणि आंब्याची कलमं होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने लावली होती आणि मोहर आलेला एकदाही पाहिला नव्हता. मोहर शाळेच्या दिवसांत येतो, आणि सुट्टी लागेपर्यंत भाऊ अर्धा आंबा काढून मोकळा झालेला असतो.

हेडमास्तर मिठबावला बदली मागत होते. दर वर्षी अर्ज करीत, दर वर्षी जागा रिकामी नसल्याचं उत्तर येई. हे दुःख ते कोणाजवळ बोलून दाखवत नसत, पण ते सगळ्या विषयांत झिरपलेलं होतं. गणितात होडी निघे ती मिठबावहून. व्याकरणात रामा जाई तो मिठबावला. भूगोलाच्या तासाला एका मुलाने लंडन मिठबावच्या पलीकडे असल्याचं सांगितलं, आणि हेडमास्तरांनी ते बरोबर धरलं.

एके दिवशी गटविकास अधिकारी होडीने स्वतः आले. ते घाटावरचे. त्यांना समुद्राची भीती वाटे आणि मालवणी कळत नसे. त्यामुळे ते आले म्हणजे कारण मोठंच असणार. कारण असं होतं की मदत देणाऱ्या सरकारचे एक साहेब आपली मदत कशी पोहोचते ते पाहायला कोकणात येणार होते, आणि आमचं गाव निवडलं गेलं होतं. साहेबांच्या समोर मुलं दूध पितील, मग त्यांच्या हस्ते गावाला धान्य वाटलं जाईल.

"कार्यक्रम नीट झाला पाहिजे, गुरुजी," अधिकारी निघताना म्हणाले. "राष्ट्राच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"होय साहेब."

"आणि नीट झाला, तर तुमच्या त्या अर्जाचं मी स्वतः बघतो. माझा शब्द."

राष्ट्राच्या इभ्रतीचं हेडमास्तरांनी ऐकलं की नाही, मला शंका आहे. अर्जाचं ऐकलं. त्या दिवसापासून शाळेत अभ्यास बंद झाला आणि स्वागत सुरू झालं. भिंतींना चुना लागला. केळीचे खांब उभे राहिले, आंब्याची तोरणं बांधली गेली, लांबलचक कापडावर 'सुस्वागतम्' रंगवलं गेलं. साहेब पाहत असताना दूध प्यायल्यास नंतर प्रत्येकाला गुळाचं खाजं मिळेल, असा मुलांशी तह झाला.

आता धान्याविषयी. ते होतं लालसर ज्वारीसारखं, आणि त्याचं सरकारी नाव मिलो. हे नाव गावात कोणालाच माहीत नव्हतं. भात सोडून बाकी सगळ्या धान्यांना आमच्याकडे एकच नाव होतं, 'घाटार खातत ता'. कार्यक्रमाच्या सकाळी आमचा तारी, म्हणजे होडीवाला, पलीकडच्या काठावर पोती चढवायला गेला, तेव्हा तिथल्या कारकुनाकडून तो हा शब्द शिकला. नवा शब्द शिकलेल्या माणसाला तो वापरल्याशिवाय चैन पडत नाही. होडी खाडीच्या मध्यावर आल्यावर त्याने आमच्या काठाकडे तोंड करून कुकारो घातला, म्हणजे आमच्याकडची ती लांब पल्ल्याची हाक, मिलो आल्याची:

"मिलो इलो रे! सायब मागसून येता!"

काठावर आमच्या शाळेशेजारची काकी सुके बांगडे परतत बसली होती. वारा समुद्राकडून होता. न ऐकलेला शब्द माणसाला कधी ऐकू येत नाही, त्याच्या जवळपासचा ओळखीचा शब्द ऐकू येतो. आणि 'मेलो', म्हणजे मेला, हा शब्द आमच्या गावात शिवीपासून लाडापर्यंत सगळीकडे चालतो. काकीने बांगडे टाकले आणि ती धापा टाकत शाळेत आली.

"गुरुजी, सायब मेलो."

हेडमास्तर तोरण सरळ करीत बाकावर उभे होते. ते खाली उतरले.

"खयचो सायब?"

"माका काय म्हायत? तारयान कुकारो घातल्यान."

"अमेरिकेचो काय आपलो?"

"मेलेलो सायब तो सायब. तेका आता खयचोय म्हणा."

"काकी, नीट आयकलंस मा?" मी विचारलं.

"माझे कान गेलेत काय, बाई? तारयान 'मेलो' म्हटल्यान, 'सायब' म्हटल्यान. मधला वाऱ्यान खाल्ल्यान. तुमका शिकलेल्यांका मेलेलोय लेखी होयो."

हेडमास्तर बाकावर बसले. त्यांचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं. "बाई," ते हळूच म्हणाले, "अमेरिकेचो गेलो आसलो तर कार्यक्रम गेलो. आपलो गेलो आसलो तर माझो अर्ज गेलो."

मी सुचवलं की कोणाला तरी खाडीवर पाठवून आधी खात्री करू. त्यांना ते पटलं नाही. "बाई, मेलेल्याच्या दिवशी आमी तोरणां लावून बसलेले दिसलो, तर माझ्या अर्जाचा काय होतला?"

एव्हाना गाव जमलं होतं. मुलं धुतलेले कपडे घालून रांगेत उभी होती. अशी तयारी वाया घालवणं कोणाच्याही जिवावर येतं. शिवाय त्या दिवशी मला एक गोष्ट प्रथमच लक्षात आली, की स्वागताला आणि शोकाला लागणारं सामान सारखंच असतं: हार, उदबत्ती, उभी राहणारी मुलं आणि भाषण. फक्त तोरणं उतरवावी लागली आणि 'सुस्वागतम्'चं कापड उलटं करावं लागलं.

अडचण आली ती फोटोची. मृताच्या फोटोशिवाय शोकसभा होत नाही, आणि आमच्याकडे कोणत्याच साहेबाचा फोटो नव्हता. शेवटी दुधाचं एक पिंप टेबलावर ठेवलं, त्याला झेंडूचा हार घातला आणि पुढे उदबत्ती लावली. पिंपावरचे दोन हात कोणाचे ते कळत नव्हतं, त्यामुळे दोघांपैकी कोणालाही चालण्यासारखे होते.

भाषणही दोघांपैकी कोणालाही चालेल असंच करायचं होतं. एरवी मी हेडमास्तरांची भाषणं झोप आवरत ऐकत असे, पण त्या दिवशीचं ऐकून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. ते शुद्ध मराठीत म्हणाले, "आज आपल्यातून एक थोर व्यक्ती निघून गेली. आपला मुलूख सोडून ते लांबून इथे आले होते. आपली भाषा त्यांना येत नव्हती, आपलं जेवण त्यांना मानवत नव्हतं, तरी आपली काळजी त्यांनी वाहिली. आणि त्यांनी दिलेला शब्द..."

इथे ते थांबले. त्यांनी खरोखर डोळे पुसले. अर्ज डोळ्यांपुढे आला असावा.

मुलांमध्येही दोघी-तिघी मनापासून रडत होत्या. पाहुणाच नाही, तर खाजं कुठलं?

मग मौन सुरू झालं. दोन मिनिटांचं, असं हेडमास्तरांनी जाहीर केलं. पण शाळेचं घड्याळ बंद होतं आणि त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, त्यामुळे ते अंदाजाने चाललं होतं. सगळं गाव माना खाली घालून, डोळे मिटून उभं होतं. मी डोळे मिटले नव्हते; मौनात इतर लोक काय करतात ते पाहायची मला सवय आहे. काकीनेही मिटले नव्हते. ती दाराशी उभी होती.

"गुरुजी," ती पुटपुटली, "मेलेलो इलो."

"गप रव, काकी," डोळे न उघडता हेडमास्तर म्हणाले.

"दुसरोय इलो."

मी दाराकडे पाहिलं. एक उंच, उन्हाने लालबुंद झालेले गृहस्थ गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली पँट घालून उभे होते. त्यांच्या मागे गटविकास अधिकारी, त्यांचीही तीच अवस्था. ओहोटी लागल्यामुळे त्यांची होडी काठापर्यंत आली नव्हती, आणि जिवंत साहेबांना उतरून चालत यावं लागलं होतं. त्यांना घ्यायला काठावर कोणी नव्हतं, कारण आम्ही सगळे त्यांच्या शोकसभेत होतो.

साहेबांनी समोर पाहिलं. हार घातलेलं, उदबत्ती लावलेलं दुधाचं पिंप, आणि त्याच्यापुढे नतमस्तक झालेलं अख्खं गाव. त्यांनी टोपी काढली, छातीशी धरली आणि आमच्यासारखीच मान खाली घातली. हा स्वागताचाच काही प्रकार असावा असं समजून अधिकाऱ्यांनीही घातली. अशा रीतीने ते दोघेही, कोणासाठी ते न कळता, स्वतःसाठीच मौन पाळत उभे राहिले.

शेवटी हेडमास्तरांनी डोळे उघडले. एकाच वेळी दोन मेलेले साहेब समोर पाहून दुसरा कोणी बेशुद्ध पडला असता. पण ते जुने शिक्षक होते. तपासणीला न सांगता अधिकारी आले तर काय करायचं ते त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "शांतिः शांतिः शांतिः." मुलांनी ते त्यांच्यामागून म्हटलं. मला अजून वाटतं, अशी वेळेवर आलेली शांती मी पुढे कधी पाहिली नाही.

साहेबांनी अधिकाऱ्यांना विचारलं, हे लोक काय म्हणताहेत? अधिकारी इंग्रजीत म्हणाले, "जगात शांतता नांदावी म्हणून प्रार्थना करताहेत." साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्या खोलीत इंग्रजी समजणारी तिसरी व्यक्ती मीच होते, आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग मुलांनी तहाप्रमाणे दूध प्यायलं, साहेबांनी फोटो काढले, खाजं वाटलं गेलं. धान्याचं वाटप मात्र राहिलं, कारण तारयाची होडी पोत्यांसकट चिखलात रुतून बसली होती. साहेब माणूस चांगला होता. खाजं दाताखाली अडकलं तरी त्यांनी दुसरं मागून घेतलं. निघायच्या आधी ते हेडमास्तरांकडे वळले आणि अधिकाऱ्यांमार्फत विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे?"

अधिकाऱ्यांनी ते भाषांतर करून सांगितलं आणि वर हळूच जोडलं, "विहीर सांगा." हेडमास्तरांनी विहीर ऐकली नसावी. एवढ्या मोठ्या माणसाने त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच काय हवं ते विचारलं होतं.

ते म्हणाले, "मिठबाव."

 बदलीचा अर्ज परदेशी सरकारपुढे ठेवला गेला हे साहेबांना कसं सांगणार? राष्ट्राची इभ्रत होती. अधिकाऱ्यांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं की मिठबाव हे किनाऱ्यावरचं दुसरं एक गाव आहे, तिथले लोक फार हलाखीत आहेत, आणि गुरुजी स्वतःच्या गावासाठी काही न मागता त्यांच्यासाठी मागताहेत. साहेबांनी हेडमास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग खिशातला कागद काढून, पुन्हा पुन्हा विचारत, त्यांनी मिठबावचं स्पेलिंग लिहून घेतलं.

ते गेल्यावर, भरती आली तेव्हा, तारी मिलोची पोती घेऊन शाळेच्या पायरीपाशी आला. काकी त्याची वाटच पाहत होती.

"काय रे, जित्या माणसाक मारतस?"

"मी खंय मारलंय? मी 'मिलो इलो' म्हटलंय."

"मिलो म्हणजे काय?"

"ह्या धान्याचा नाव."

"मेल्या, लाल जोंधळो म्हणाक तुझी जीभ झडली हुती काय? मेलो म्हटल्यार माणसाक कळता. मिलो म्हणजे काय कळात?"

"सरकारी नाव आसा ता, काकी."

"मगे सरकारक सांग, नावा ठेवताना आमका विचार म्हणान."

हेडमास्तरांना मात्र हसू येत नव्हतं. निघताना अधिकाऱ्यांनी त्यांना बाजूला घेतलं होतं. शोकसभा कोणाची होती हे त्यांना तोवर कोणीतरी सांगितलं होतं, आणि ती त्यांचीही असू शकत होती हे समजल्यावर ते अधिकच रागावले होते. "तुमचा अर्ज विसरा," एवढंच ते म्हणाले. त्या संध्याकाळी हेडमास्तरांनी उलटं केलेलं कापड खाली उतरवून त्याची घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशीच्या गणितात होडी पहिल्यांदाच मालवणहून निघाली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

पण मोठ्या सरकारांचं एक वैशिष्ट्य असतं. एकदा कागदावर नाव चढलं, की ते हलायला लागतं. साहेबांनी ते नाव दिल्लीला नेलं, दिल्लीने मुंबईला विचारलं, मुंबईने रत्नागिरीला. मिठबावची परिस्थिती काय आहे, असं कोणीच मिठबावला विचारलं नाही; परकीय सरकारला जी हलाखी दिसली ती आपल्याला कशी दिसली नाही, हीच सगळ्यांना चिंता. शिमगा झाला आणि हुकूम आला. मिठबावला तातडीने दूधकेंद्र उघडायचं, मिलोची खास पोती तिकडे पाठवायची, आणि परदेशी पाहुण्यांनी ज्याची वाखाणणी केली असा अनुभवी हेडमास्तर तिथे नेमायचा. हुकमावर सही गटविकास अधिकाऱ्यांचीच होती. त्यांना ती करताना काय वाटलं असेल, याची कल्पना करून मी पुष्कळ दिवस आनंदात काढले.

हेडमास्तरांनी हुकूम वाचला, परत वाचला आणि मला वाचायला दिला. "बाई, ह्यात काय चूक नाय मा?" मी म्हटलं, चूक पुष्कळ आहे, पण तुमच्या बाजूची आहे.

त्यांना पोचवायला गाव काठावर आलं. काकीने सुक्या बांगड्यांची मोठी पिशवी दिली आणि तारयाला बजावलं, "नीट पोचव. आणि पोचवल्यार कुकारो घालू नको." होडीत पुढे हेडमास्तर त्यांची ट्रंक धरून बसले होते आणि मागे दुधाची पिंपं.

मिठबावहून त्यांचं पत्र आलं ते मला मे महिन्यात मिळालं. गावकऱ्यांनी, आपण संकटात असल्याचं ऐकून, आधी खूप चौकशी केली आणि मग पिंपं शाळेच्या माडीवर ठेवून दिली. त्या वर्षी मिठबावात आंबा इतका आला होता की काढायला माणसं मिळत नव्हती. म्हणून दुष्काळाच्या तातडीच्या कामासाठी नेमलेल्या हेडमास्तरांनी हजर झाल्याच्या आठवड्यातच रजा घेतली होती.